आभारातली मंडळी

बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून फोन आला, "वस्तू घेऊन जा, आणि त्यांची कामाच्या नोंदींची वही घरी असेल तर तेवढी आणा." वस्तू म्हणजे डबा, चष्मा आणि निळा कोट. बोलावणं वहीसाठीच होतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

बाबा तिथे बावीस वर्षं तंत्रज्ञ होते. यंत्राच्या तोंडातून प्लाझ्माची, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूची, जांभळट ज्योत निघते. तिच्यात रसायनाची वाफ सोडायची, खालून काच सावकाश सरकवायची, की काचेवर केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर बसतो. इतरत्र हे काम हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत चालतं. इथे उघड्यावर, साध्या हवेत. त्याचाच केवढा तोरा.

"ये बाळ. फार वाईट झालं," प्रमुख सर म्हणाले. नजर माझ्या पिशवीवर. वही तिच्यात नव्हती.

त्यांच्या हाताखालच्या तरुण शास्त्रज्ञाने एक काच पुढे केली. "ताई, हे बघा ना." मी बोट फिरवलं. पांढरी भुकटी बोटाला लागली.

"गॅस तोच, अंतर तेच, सगळे आकडे तेच. तरी थर धरतच नाही. ते गेल्यापासून एक काच धड निघालेली नाही."

मी वर पाहिलं. एसीची जाळी उघडी होती आणि गार झोत थेट यंत्रावर येत होता.

"इथला पुठ्ठा कुठे गेला?"

"थंडोबांचा पुठ्ठा?" तो हसला, मग जीभ चावली. "सॉरी ताई, सगळेच त्यांना तसं म्हणायचे. थंडी वाजायची ना त्यांना. साफसफाईत टाकून दिला."

थंडी! बाबा घरी ऐन हिवाळ्यात बनियनवर बसायचे. झोताने ज्योत कलते, वाफेची वाटेतच भुकटी होते, म्हणून ते जाळी झाकत. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून त्यांनी मला हे समजावलं होतं. इथेही सांगितलं होतं. तेव्हा कोणीतरी त्यांना स्वेटर देऊ केला होता. हा मुलगा तर बंद पेट्यांवर शिकलेला. वाऱ्याचा विचार त्याला सुचणार कसा?

मी बोटाची भुकटी पुसली. मग विचारलं, "या कामावरचा लेख कधी जातोय?"

"पुढच्या आठवड्यात. थर बसला तर," सर म्हणाले.

"त्यात बाबा कुठे आहेत?"

"आहेत ना, आभारात. तंत्रज्ञ मंडळींचे आभार मानलेत."

"मंडळींत ते एकटेच होते, सर."

"अगं, तंत्रज्ञाला लेखक म्हणून घालायची पद्धत नाही."

"मग थर का बसत नाही, ते त्या पद्धतीलाच विचारा."

तरुणाने मान खाली घातली. सरांचे कान लाल झाले. "ही अडवणूक झाली."

"हो. नाव लेखकांत घाला. कारण मला माहीत आहे, लगेच सांगते."

शेवटी सरांनी संगणक पुढे ओढला, लेख उघडला, लेखकांच्या ओळीत शेवटी स्वल्पविराम दिला. बोटं थांबली. त्यांनी तरुणाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"बाळ," सर हळूच म्हणाले, "त्यांचं पूर्ण नाव काय गं?"

तोवर मी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"हजेरीपटात असेल. बावीस वर्षांचा आहे. शोधा," मी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.