मनगटावरची गाठ

मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे, मित्रांनो. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. एक टोक चपटं, दुसऱ्या टोकाला भोक आणि भोकात दोरी. रस्त्यात पडले तर कुत्रंसुद्धा हुंगायचं नाही मला. पण कोरियातल्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांना विचारा. खडकाला चिकटून बसलेला मोठा शिंपला नखानं निघत नाही की दातानं निघत नाही. तिथं मीच लागते.

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या पाट्यातून झाला. बाजारातला म्हातारा लोहार मला ठोकताना खोकायचा आणि खोकताना शिव्या द्यायचा. मला घ्यायला आली ती छुनोक. तेव्हा ती तरुण होती, केस ओले, खांदे रुंद. तिनं मला गुडघ्यावर दाबून बघितलं.

"ही वाकते. दुसरी दे."

"पट्टी सरळ आहे बाई. गुडघा तुझा वाकडा," लोहार म्हणाला.

छुनोक खदाखदा हसली आणि मलाच घेऊन गेली.

मग सुरू झालं माझं खरं आयुष्य. या बायका पाठीवर हवेची नळकांडी घेत नाहीत. छातीत मावेल तेवढा दम घ्यायचा, डोकं खाली करायचं आणि जायचं. वर फक्त त्यांचा तरंगा डुलत राहतो, त्याला खाली जाळी बांधलेली. खाली अंधार, गारठा. शिंपला दिसला की मला त्याच्या खाली एका दणक्यात घुसवायचं. एकाच! त्याला चाहूल लागायच्या आत. चाहूल लागली की तो खडकाला असा आवळून बसतो की मी मध्येच अडकते. आणि मी अडकले की माझ्या दोरीतलं मनगट पण अडकतं. वर हवा असते, पण ती वर असते.

म्हणून दोरीला गाठ मारायची नाही. मनगटावर दोन वेढे घ्यायचे, टोक आत खुपसायचं, बस्स. अडकलं तर अंगठा आत घ्यायचा, हात सर्रकन बाहेर. आणि आणखी एक रीत होती. आपली दोरी आपण बांधायची. शेजारणीला सांगायचं नाही, बहिणीला सांगायचं नाही. छुनोकची दोरी तर तिच्या आईनं पण कधी बांधली नव्हती.

तिच्या हातात मी चांगली कित्येक वर्षं काढली. घरी आलं की ती मला गोड्या पाण्यानं धुवायची, तेलाचं बोट फिरवायची. बायका म्हणायच्या, "छुनोकची पट्टी काय लागते गं शिंपल्याला! लोणी कापावं तशी." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग घरात मिसुक आली.

मिसुक छुनोकची सून. मोठ्या शहरातून आलेली. तिकडचा कारखाना बंद पडला, नवरा-बायको बेटावर परत आले. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला आणि मिसुक म्हणाली, मी पाण्यात जाते. पोहायची छान. दम पण मोठा. पण त्या बाईची एक खोड होती. काही बिघडलं की ते दुसऱ्या कुणामुळे तरी बिघडलेलं असायचं.

"आज जाळी रिकामी?"

"पाणी गढूळ होतं ना, आई."

"बाकीच्यांना मिळालं की."

"त्यांना चांगली जागा देतात. मला कोपऱ्यात पाठवतात. आणि सूट किती घट्ट आहे बघा, श्वासच घेता येत नाही."

मला असा राग यायचा! पण लोखंडाला तोंड नसतं.

छुनोकनं काय करावं? रागवावं की नाही? ती लाड करत बसली. मला मिसुकला देऊन टाकलं. रोज पाण्यात उतरायच्या आधी सुनेचा हात मांडीवर घेऊन मला तिच्या मनगटावर बांधायची. दोन वेढे, टोक आत. खाली शिंपला कुठंय ते दाखवायची. कधी वर जायचं ते पण बोटानं सांगायची. मिसुक खाली जाऊन आधी सासू कुठंय ते बघायची आणि मग शिंपला. पाण्यातून आल्यावर किनाऱ्यावरच्या शेकोटीजवळ बायका टोमणे मारायच्या.

"छुनोक, श्वास पण तूच घेतेस का गं तिच्या वाटचा?" हे बोकनामचं. बोकनामची जीभ माझ्यापेक्षा धारदार.

"नवीन आहे गं पोर. शिकेल."

"कधी शिकणार? तू मेल्यावर?"

सगळ्या हसल्या. छुनोक पण हसली. कसंनुसं हसली.

या बायकांची प्रमुख होती तेसुन. गावात वडीलधाऱ्यांना सगळे सामचुन म्हणतात, बाई असो की बुवा. तेसुनलाही सगळ्या सामचुनच म्हणायच्या. आज पाण्यात जायचं की नाही, कुणी उथळात, कुणी खोलात, हे ती आभाळाकडे बघून ठरवायची. तिनंच मिसुकला खोल पाण्याची परवानगी दिली. दम बघून दिली.

त्या दिवशी मिसुकला उशीर झाला. बाकीच्या बायका पुढं गेल्या, छुनोक पण गेली. किनाऱ्यावर मिसुक आणि खाली जायला वजन हवं म्हणून कमरेला शिशाचा पट्टा आवळत बसलेली बोकनाम, दोघीच. मिसुकनं मला पहिल्यांदाच स्वतः बांधलं. कसं? बुटाची नाडी बांधावी तसं. गच्च. एकावर एक दोन गाठी. आधी एकदा मी तिच्या हातातून निसटले होते, म्हणून यावेळी निसटू नये असं तिला वाटलं असेल.

बोकनामनं बघितलं.

"ए, ही गाठ कसली? सोड आणि नीट बांध."

"आता उशीर होतोय. खाली आई बघतील."

"आई बघतील? हात कुणाचाय?"

"जाऊ दे ना हो."

आणि तिनं बुडी मारली.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगते. कपारीत एक मोठा शिंपला होता. मिसुकनं मला त्याच्या खाली सरकवलं आणि मध्येच थांबली. मान वळवून सासू दिसते का ते बघत होती. तेवढा वेळ शिंपल्याला पुष्कळ. त्यानं मला आवळलं. मिसुकनं हात ओढला, गाठ आणखी बसली. दुसऱ्या हातानं सोडायला गेली तर ओली दोरी बोटात येईना. मनगटाची नाडी माझ्या लोखंडावर धडधड आदळत होती. आधी जोरात. मग आणखी जोरात. मग कशीतरीच.

वर छुनोक नुकतीच बाहेर आली होती. पुरता दम पण घेतला नव्हता. तिला सुनेचा तरंगा एकटाच डुलताना दिसला, जरा जास्तच वेळ. ती तशीच खाली आली. शेवाळ कापायचा विळा होता तिच्याजवळ. तिनं दोरी कापली, मिसुकला खालून ढकललं. मिसुक वर गेली. छुनोकच्या छातीत काही उरलं नव्हतं. बाकीच्यांनी तिला ओढून काढली तेव्हा ती निळी पडली होती.

वाचली. पण उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. तोंडातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही.

मला नंतर बोकनामनं खालून काढून आणलं आणि शेकोटीजवळच्या दगडावर आपटलं. सगळ्या बायका बसल्या होत्या. कुणी मला हात लावेना.

"पट्टीच अपशकुनी."

"वाऱ्याच्या आजीची, आपल्या देवीची, पूजा यंदा घाईत उरकली, म्हणून झालं हे."

"पाणी गढूळ होतं," मिसुक म्हणाली. "आणि आई रोज बांधतात. त्या दिवशी थांबल्या नाहीत. मला कुणी शिकवलंच नाही, तर मी काय करणार?"

बोकनाम ताडकन उठली. "कुणी सांगितलं नाही तुला? माझ्याकडे बघून बोल!"

"बस खाली," तेसुन म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "खोलात कुणी जायचं ते मी ठरवते. मी तिला सोडलं. माझं चुकलं. उद्यापासून मी प्रमुख नाही."

सगळ्यांनी मिसुककडे बघितलं. एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. मिसुकनं वाटीतला बार्लीचा चहा तोंडाला लावला आणि जाळाकडे बघत राहिली.

तिथं शेकोटीला बसायच्या जागा ठरलेल्या असतात. मोठ्या पाणबुड्या जिथं धूर येत नाही तिथं. शिकाऊ पोरी धुरात. तेसुन सामचुन उठली आणि धुराच्या बाजूला जाऊन बसली. डोळे पुसत होती. धुरानं की कशानं, मला काय माहीत.

माझं पुढं काय झालं? मिसुकनं मला घरामागच्या शेडमध्ये भिरकावलं. लसणाच्या साली, फाटकी जाळी आणि मी. हिवाळे गेले. अंगावर गंज चढला, पापुद्रे निघायला लागले. पण मित्रांनो, गंजापेक्षा मला वाईट काय वाटायचं सांगू? मिसुक पाण्यात जायची बंद झाली आणि संत्री निवडायच्या कामावर लागली, आणि तिथं पण रोज तेच. मुकादम वाईट, गाडी उशिरा, शेजारीण चहाडखोर. बोलायची आणि रात्री झोपेत उजवं मनगट चोळायची. नवराच एकदा शेडमध्ये बोटवाल्या मित्राला सांगत होता.

लसूण निघाला तेव्हा छुनोक शेडच्या दारात येऊन बसायला लागली. डाव्या हातानं लसणाच्या जुड्या बांधायची. एक टोक दातात धरायचं, दुसरं बोटात. सुटायची जुडी. परत बांधायची. सुटायची. एक जुडी बांधून होईपर्यंत ऊन सरकायचं. लाळ गळायची, ती खांद्याला पुसायची.

एकदा मिसुकला बघवलं नाही. "द्या इकडे आई, मी बांधते."

छुनोकनं तिच्या हातावर फटका मारला. आवाज आला असा! डोळे लाल. घशातून काहीतरी निघालं, ते शब्द नव्हते. पण मला कळलं. मिसुकला पण कळलं असणार, कारण ती तिथंच मातीत बसली. सासूनं परत टोक दातात धरलं. ज्या बाईनं दुसरीचं सगळं केलं होतं, ती आता स्वतःचं एवढंसं काम कुणाला देत नव्हती.

मग मिसुकनं उठून जाळ्याखाली हात घालून मला ओढून काढलं.

तशीच ती शेकोटीवर गेली. बायका नुकत्याच पाण्यातून आल्या होत्या. प्रमुखाच्या जागेवर आता बोकनाम होती.

"मला बोलायचंय," मिसुक म्हणाली. "त्या दिवशी गाठ मी मारली. बोकनाम सामचुननी सांगितलं होतं, सोड म्हणून. मी ऐकलं नाही. पाणी गढूळ नव्हतं. आईंची चूक नव्हती. तेसुन सामचुनची तर नव्हतीच. त्या जागा सोडत होत्या तेव्हा मी चहा पीत होते."

"आत्ता उजाडलं होय तुला?" बोकनाम म्हणाली.

"हो."

"आता काय करायचं त्याचं? छुनोकची जीभ परत येते का?"

"नाही येत."

"मग कशाला आलीस?"

मिसुक तिथंच उभी राहिली. पळाली नाही, एवढंच. धुराच्या बाजूनं तेसुन खोकली. तिला जागा परत मिळणार नव्हती, वय पण राहिलं नव्हतं. ती मिसुककडे न बघता बोलली.

"पट्टी घासून आण. असलं गंजलेलं लोखंड घेऊन पाण्यात येऊ नकोस."

मिसुकनं मला दगडावर घासलं. घासून घासून मी अर्धी झाले. नवी दोरी लागली. बोकनामनं मिसुकला सगळ्यात उथळ पाण्यात घातलं, म्हाताऱ्या बायकांबरोबर, जिथं गुडघ्याएवढ्या लाटेत समुद्री गोगलगायी वेचतात. तिथून परत खोलात जायला तिला फार दिवस लागले. कुणी शाबास म्हटलं नाही. काही बायका आजही तिच्याशी बोलत नाहीत.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. एखाद दिवशी मोडेन. मला धुवा, तेल लावा, असं म्हणायला हवं मी, आमच्यासारख्यांची तशी पद्धतच आहे. पण माझं राहू दे. तुमच्या हाताला जे बांधलेलं आहे, अभ्यास असो, काम असो, दिलेला शब्द असो, ते आपल्या हातानं बांधा आणि आपल्या डोळ्यानं तपासा. चुकलं तर त्याच दिवशी बोला. उशिरा बोललेलं खरं असतं, पण तोपर्यंत कुणीतरी धुरात जाऊन बसलेलं असतं.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. खोलात, दगडाच्या पोटाशी, ताटलीएवढा शिंपला होता. मिसुकनं मला पुढं केलं. मग हात थांबला. तिनं मान वळवून कुणाकडे बघितलं नाही. तिच्या मनगटातून मला कळत होतं, वर जायला पुरेल एवढाच दम उरलाय. तिनं मला मागं घेतलं आणि ती वर आली.

छुनोक किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर बसलेली असते, रोज. मिसुक निथळत्या अंगानं तिच्यासमोर गेली.

"आई, खाली एक मोठा होता. सोडला. दम पुरला नसता."

छुनोक बघत राहिली. चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, त्यामुळे तिला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. आणि सासू मान हलवते का, हे बघायला मिसुक थांबली नाही. तिनं जाळी खांद्यावर टाकली आणि चालायला लागली.