लास्टनचं आतडं

"तुम्ही कुणी ह्ये खरं मानणार न्हाई," आंब्याखाली पाय पसरत लास्टन म्हणाला, "पर डाक्टरनं माझं आतडं पोटातनं काढलं, धुतलं आन् दोरीवर वाळत घातलं!"

चिल्वा तळ्याकाठचं ते गाव खदखदून हसलं. तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या इस्पितळातून आलेला माणूस आल्याआल्या थापा मारतोय, म्हणजे बरा झालाय, असंच सगळ्यांनी धरलं. त्याची बायको एनिफा तेवढी खाली मान घालून उखळात मका कांडत राहिली.

"वाळत? आन् कावळं रं?" म्हाताऱ्या डॅफ्लेनीनं विचारलं.

"मग बायकोला कशाला न्हेलं हुतं, आत्ती? नर्सबाई म्हणाली, बस काठी घेऊन, हाण कावळ्यांना. आतडं बी केवढं! एक टोक खाटंवर, दुसरं फाटकाभाईर भजीवालीच्या कढईत. ती तळायला बगत हुती, मी पडल्या जागंवरनं वरडलो!"

डॅफ्लेनीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. एनिफाचा भाऊ सिनोस मात्र विडी विझली तरी ओढत होता. तिथल्या रीतीनं रान बाईचं, घर बाईचं; म्हणजे दोन्ही एनिफाचं. लास्टन तिथला जावई, आणि जावयाचा मान कुदळीत. दोन वर्षं अंतर्गळानं त्याची कुदळ कोपऱ्यात पडली होती. इलाज करून ये, नाहीतर आईच्या गावी पोचवतो, असं सिनोसनं साफ सांगितलं होतं. आईच्या गावी आता आईसुद्धा उरली नव्हती.

"म्हंजी अंतर्गळ गेला म्हण, दाजी."

"गेला! बादलीत टाकला त्यानं. दोघांनी उचलून न्हेली बादली."

"किती घेतलं?"

"फुकाट! सरकारी हाय."

सगळ्या गोष्टीत एवढंच काय ते खरं होतं.

"झ्याक झालं," सिनोस उठला. "पाऊस तोंडावर आलाय. उद्या हिचं वरंबं ओढ, मग चार दिस माझ्याकडं ये."

"चार का, आठ दिस येतो की, मेव्हणं!" लास्टन तोऱ्यात उभा राहिला. सदऱ्याआड करकचून बांधलेल्या फडक्याखाली गोळा सरकला. त्याच्या कपाळावर घाम डवरला, पण तोंडावरचं हसू त्यानं ढळू दिलं नाही.

मुसळ थांबलं.

"लबाड बोलतोय त्यो!" एनिफा ओरडली.

"एने, गप—"

"न्हाई गप बसत! कापलंच न्हाई त्येला, दादा. आज हातमोजं न्हाईत, उद्या भूल देणारा न्हाई, परवा या. कापणं फुकाट, पर तवर खायाचं काय? मी तिथं आंगणात चूल मांडून मक्याच्या पिठाचा न्सिमा दोघांपुरता शिजवला. पीठ सरलं, तवा बकऱ्या इकल्या. त्याबी खाऊन झाल्या. परतीचं भाडं उरलं हुतं तवर निघालो. आनखी थांबलो आसतो तर आजउद्या आमचा लंबर लागलाबी आसता."

कुणी हसलं नाही. लास्टन खाली बसला.

"वाकून कुदळ मारलीस तर आतडं पिळून मरशील, आसं डाक्टर त्येला माझ्यादेखत बोललाय," एनिफानं डोळे पुसले. "दादा, त्येला त्येच्या आईच्या गावाला पोचीव. पर कुदळ दिऊ नगंस."