उभ्या गाडीचं व्रत

मालतीबाईंचा दिवस किल्लीनं उघडायचा. आधी अंघोळ, देव्हाऱ्यातल्या कानबाई देवीपुढे दिवा, तुळशीला तांब्याभर पाणी, हे चार बायकांचं असतं तसंच. त्यानंतर मात्र त्या देवळीतली किल्ली उचलायच्या आणि दारासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनकडे जायच्या. पुढच्या चाकांना हळदकुंकू लावायच्या, काचेपाशी एक फूल ठेवायच्या आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसायच्या.

बसायच्या म्हणजे नुसत्या टेकायच्या. सीट पार मागे सरकवलेली, उंच्यापुऱ्या माणसाची. क्लचला पाय पुरवायचा तर मालतीबाईंना अगदी काठावर यावं लागे, परक्या घरात बसावं तसं. पाठीमागे सगळी सीट रिकामी. गिअर सुटा आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना, हे हातानं चाचपायचं, देवीचं नाव घ्यायचं आणि किल्ली फिरवायची. गाडी खाकरून सुरू झाली की सीटखालच्या इंजिनाची थरथर अंगात चढायची. मग त्या मनातल्या मनात देवीची आरती म्हणायच्या. आरती संपली की गाडी बंद. त्यानंतर घरात येऊन पाण्याचा पहिला घोट. त्याआधी थेंब नाही.

"काकी, आज कुठली ट्रिप?" गल्लीतलं कुणीतरी जाता जाता विचारायचं.

"कुठली नाही रे बाबा. इथंच."

"पेट्रोल जाळून कोणता देव पावतो, काकी?"

मालतीबाई हसायच्या. उलट बोलायची त्यांना सवयच नव्हती. परराज्यातल्या भेस्तानच्या त्या सोसायटीत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

ही रीत त्यांनी कुठल्या पोथीतून घेतली नव्हती. माघात त्यांच्या नवऱ्याच्या, हिलालच्या, छातीत दुखायला लागलं आणि इस्पितळात भरती व्हायचं ठरलं, तेव्हा रिक्षा दाराशी येईपर्यंतच्या वेळात त्यानं बायकोला व्हॅनमध्ये बसवलं होतं. मालतीबाई किल्लीला हात लावायला तयार नव्हत्या. हिलाल, दम लागलेला असताना, हसला होता. "घाबरू नको व. गाडी काय बैल शे का, शिंग मारी?" मग क्लच दाखवला, किल्ली दाखवली. "रोज चालू करजो, नही ते बॅटरी बसी जाई. मी आठ-दहा दिनमा उना समज."

तो आला नाही. पण 'रोज' हा शब्द मागे राहिला, आणि त्याला शेवट कुठं असतो हे सांगणारं कुणी उरलं नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, त्या सकाळी मालतीबाईंनी गाडी सुरू केली. दुसऱ्या सकाळीही केली. मग एक दिवस, गाडी सुरू झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी देवीपुढे बोलून टाकलं. नंदुरबारला दिलेली मुलगी प्रियांका फोनवर वैतागायची. "आई, ये ना महिनाभर इकडे. एकटी काय करतेस?"

"गाडी कोण सुरू करेल?"

"अगं, गाडी आहे ती, गाय नाही दावणीची!"

फोन ठेवला की घरातला पंखा जास्तच मोठ्यानं फिरल्यासारखा वाटायचा. दोन भांडी, एक ताट. संध्याकाळी दारात बसावं तर समोर व्हॅनच. तिच्या बाजूच्या आरशात बघावं तर त्यात माणूस दिसायचा नाही, समोरच्या घराची गच्ची आणि आभाळाचा तुकडा तेवढा दिसायचा. आरसा हिलालच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला होता. मालतीबाई तो पुसायच्या, पण बोटानं ढळू द्यायच्या नाहीत.

गल्लीच्या टोकाला वर्षा राहायची. जळगावकडची, तिशीतली, भाड्याची रिक्षा चालवणारी. उन्हाळ्यात ती एकदा दारात येऊन उभी राहिली होती. "काकी, एक बोलू? रागवू नका. काका पलसाण्याला कापडाच्या मिलवर ज्या बायका न्यायचे ना, त्या हल्ली टेम्पोच्या मागं उभ्यानं जातात. परवा एकीचा हात सुटला. व्हॅन मला चालवायला द्याल का? लायसन आहे माझ्याकडे."

"बघू गं," मालतीबाई म्हणाल्या होत्या.

मालतीबाईंच्या 'बघू'चा अर्थ सगळ्या गल्लीला ठाऊक होता. वर्षानं पुन्हा विषय काढला नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं.

मालतीबाईंनी पुन्हा फिरवली. टक्. देवीचं नाव घेतलं, किल्ली काढली, पुसली, परत घातली. या खेपेला तेवढंही नाही. समोरचा लाल दिवा एकदा मिणमिणला आणि विझला.

त्या खाली उतरल्या. हळदकुंकू नीट लागलं होतं. फूल जागेवर होतं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी घरात जाऊन पुन्हा दिवा लावला. ऊन चढलं. शेजारीण चहा घेऊन आली, तिला त्यांनी "नंतर घेते हं" म्हणून परत पाठवलं. घसा कोरडा पडला होता, पण त्याचं काही नव्हतं. भीती वेगळीच होती. हिलालनं जाताना एकच काम सांगितलं होतं, आणि तेवढंही आपल्या हातून गेलं तर त्याचं म्हणून आपल्याजवळ उरलं काय?

नाक्यावर छगनचं गॅरेज होतं. हिलालची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातची. मालतीबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हातून चालत गेल्या. छगन एका रिक्षाखाली आडवा होता, त्याचे पायच तेवढे दिसत होते.

"छगनभाऊ, गाडी बोलत नाही."

पाय हलले, मग डोकं बाहेर आलं. "वहिनी? एवढ्या उन्हात? फोन करायचा ना! आणि तोंड का असं सुकलंय, पाणी पिऊन घ्या आधी."

"गाडी सुरू झाल्यावर."

छगननं त्यांच्याकडे बघितलं, हात पुसले आणि आपल्या जुन्या गाडीत वायरींचं वेटोळं टाकलं. "चला, बसा. हिलालभाऊ असता तर मला शिव्या दिल्या असत्या, एवढे दिवस फिरकलो नाही म्हणून."

दारासमोर आल्यावर तो लगेच बॅटरीकडे गेला नाही. आधी व्हॅनभोवती सावकाश फिरला. खाली वाकून टायर दाबले, कडेला बोट फिरवलं. मालतीबाईही मागोमाग फिरल्या.

"हलवली होती कधी?"

"हलवायची कशाला? मला येत नाही. सुरू मात्र रोज करते. एक दिवस खाडा नाही." हे सांगताना त्यांचा आवाज किंचित ताठ झाला.

"रोज? किती वेळ?"

"एक आरती होईपर्यंत."

छगननं कपाळावर हात मारला. हसू आलेलं त्यानं गिळलं, कारण समोरच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. सेल मारून गाडी सुरू करायला बॅटरीतून जेवढं जातं ना, तेवढं एका आरतीत परत भरत नाही. घागरीतून रोज तांब्याभर काढायचं आणि ओंजळभर घालायचं. घागर रिकामी होणारच की."

मालतीबाई उभ्या होत्या त्या पायरीवर बसल्या.

छगन कामाच्या भरात बोलतच राहिला. "टायर बघा, एकाच जागी उभी राहून खाली बसलेत, कडेला चिरा पडल्या. हँडब्रेक ओढून ठेवलात ना? आत सगळं गंजून धरलं असेल. उभ्या गाडीला चाकाखाली विटा लावायच्या आणि ब्रेक सोडून ठेवायचा. गाडी चालली की चांगली राहते. उभी राहिली की आतून सडते."

"म्हणजे मीच..." मालतीबाई चाकांकडे बघत म्हणाल्या.

छगनचा हात थांबला. "तुम्ही नाही हो. भाऊनं आठ-दहा दिवसांपुरतं सांगितलं असेल. तेवढ्यापुरतं बरोबरच होतं ते."

त्यानं बाजूची सीट उचलून खालची बॅटरी उघडी केली, आपल्या गाडीपासून लाल-काळ्या वायरी जोडल्या आणि हाक मारली, "मारा सेल!" मालतीबाई काठावर टेकल्या, किल्ली फिरवली. गाडी धक्के खात, धूर ओकत सुरू झाली.

"आता बंद करू नका!" छगन ओरडला. मग चाकांना हातोडीचे ठोके घालून त्यानं धरलेला ब्रेक सोडवला, पेडल पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. "ब्रेक लागतोय, पण जपून. सावकाश माझ्या गॅरेजपर्यंत न्यायची, तिथून पुढे नाही. ब्रेक ऑइल, टायर, बॅटरी झाल्याशिवाय रस्त्यावर सोडणार नाही मी. माझी गाडी पुढं काढतो, मागून आणणारं कुणी आहे?"

गल्लीच्या टोकाला वर्षाची रिक्षा उभी होती. जेवणाच्या वेळेला ती घरी यायची. मालतीबाईंनी तिकडे पाहिलं. गाडी सुरू झाली होती. नेमाप्रमाणे आता पाणी प्यायला हरकत नव्हती. तरी त्या घरात गेल्या नाहीत. वर्षाच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाल्या, "वर्षा, येतेस का गं जरा?"

वर्षा हात धुऊन आली. ड्रायव्हरच्या जागेवर चढली, पाय पुढे केले. पुरले नाहीत. ती काठावर सरकली, मग मान हलवून पुन्हा मागे बसली.

"काकी, सीट पुढे घ्यावी लागेल."

मालतीबाई दाराला धरून उभ्या होत्या. "अशीच नाही का जमणार? मी बसते की काठावर."

"तुम्ही उभ्या गाडीत बसता, काकी. असं टेकून मला ब्रेक पुरा दाबता यायचा नाही. आणि हा आरसा... यात मला आभाळ दिसतंय. मागून येणारा दिसायला नको?"

ती मुलगी काही चढ्या आवाजात बोलली नव्हती. हात मांडीवर ठेवून नुसती थांबली होती. इंजिन घरघरत होतं. पलीकडे छगन आपल्या गाडीत वाट बघत होता.

मालतीबाईंना वाटलं, नको म्हणावं. 'बघू' म्हणावं. इतके महिने ही एवढीच जागा हिलालच्या मापाची उरली होती. घरातले कपडे वाटून टाकले, चपला दिल्या, खाट आवरली. पण मग टेम्पोतून हात सुटलेली ती कुणीतरी बाई त्यांना आठवली. तिचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं.

"उतर खाली," त्या म्हणाल्या.

वर्षा उतरली. मालतीबाईंनी वाकून सीटखालचा खटका शोधला. तो गंजून धरला होता. दोन्ही हातांनी ओढला, पदर खांद्यावरून घसरला, तरी ओढला. सीट कुरकुरत पुढे सरकली आणि तिच्या खाचेतून शेंगांची टरफलं खाली सांडली. हिलाल गाडी चालवताना भुईमुगाच्या शेंगा खायचा. कितीदा सांगितलं होतं त्याला, गाडीत कचरा करू नका म्हणून.

मालतीबाईंनी टरफलं गोळा केली. टाकली नाहीत. तुळशीच्या मातीत नेऊन घातली, हात धुतले आणि तांब्यातलं पाणी तिथंच उभ्यानं प्यायल्या. मग येऊन वर्षाशेजारी बसल्या.

"पट्टा लावा, काकी."

"मला कशाला?"

"माझ्या गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना." बोलून गेल्यावर वर्षानं जीभ चावली. "म्हणजे, तुमच्या गाडीत."

मालतीबाईंनी पट्टा लावून घेतला. वर्षानं आरसा वळवला, गिअर टाकला, आणि व्हॅन थडथडत हलली. बसक्या टायरांमुळे ती लंगड्या माणसासारखी उसळत होती. गल्लीतली माणसं दारात आली. "काकी, आज खरंच ट्रिप?" कुणीतरी ओरडलं. मालतीबाईंनी आपलं दार मागे जाताना पाहिलं, आणि दारासमोर मातीचा एक कोरडा, फिकट चौकोन. इतके दिवस त्यावर ना ऊन पडलं होतं, ना पाऊस.

टायर, बॅटरी, ब्रेक, मग विमा आणि बाकीचे कागद, सगळं होईपर्यंत पितृपक्ष उलटला. घटस्थापनेच्या सकाळी वर्षा पलसाण्याच्या बायकांना घेऊन पहिल्यांदा निघाली. जागा होत्या तेवढ्याच बसवल्या. आणखी दोघी आर्जवं करत होत्या, त्यांना ती म्हणाली, "तुमच्यासाठी दुसरी फेरी मारते, बाई, पण मांडीवर कुणी बसायचं नाही."

गाडी गेली आणि दार उघडं पडलं. मालतीबाईंना वाटलं होतं त्याहून ते अवघड होतं. आता संध्याकाळपर्यंत समोर काहीच नसायचं. त्या फुलं निवडत बसायच्या, मध्येच दचकून वर बघायच्या. कितीतरी गाड्या हमरस्त्यावरून जायच्या. त्यांतली आपली कोणती ते कान ओळखू पाहायचे. अंधारायच्या सुमाराला ती खरंच यायची, चौकोनावर नीट उभी राहायची. वर्षा चाकांना विटा लावायची, गाडीभोवती एक चक्कर मारायची, किल्ली देवळीत ठेवून जायची.

आणखी एक गोष्ट ती करायची. उतरण्याआधी सीटचा खटका ओढून ती सीट पार मागे ढकलायची, आणि आरसा वर, गच्चीकडे वळवून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. मालतीबाई दारातून बघायच्या.

सकाळचा नेम चालूच होता. वर्षा यायच्या आधी मालतीबाई काठावर टेकून गाडी सुरू करून ठेवायच्या, आणि वर्षा आली की दोघींची अदलाबदल व्हायची. रोज खटका ओढताना वर्षाच्या बोटाला गंजाचे ओरखडे पडायचे. एकदा बोट कापलं, तर तिनं चिंधी बांधली आणि संध्याकाळी पुन्हा सीट मागे केली.

दसरा झाला. व्हॅनला झेंडूचा हार होता. त्या संध्याकाळी वर्षानं गाडी लावली, आणि खटक्याकडे हात नेणार तोच मालतीबाई पायरीवरून उठून जवळ आल्या.

"राहू दे गं."

"काय, काकी?"

"सीट. राहू दे तशीच. सकाळी पुन्हा ओढावी लागते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि आरसाही."

वर्षानं त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि किल्ली देवळीत न ठेवता त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या सकाळी दिवा झाला, तुळशीला पाणी झालं. मालतीबाई व्हॅनमध्ये चढल्या आणि सवयीनं काठावर टेकल्या. मग हळूहळू मागे सरकल्या. पाठ टेकली. दोन्ही पाय पेडलांवर पुरे पोचले. गाडी एका हाकेत सुरू झाली. त्यांनी आरती म्हणायला सुरुवात केली आणि सहज बाजूच्या आरशात पाहिलं. गल्ली शेवटपर्यंत दिसत होती. टोकाकडून वर्षा डबा हातात घेऊन झपाझप येत होती.