बिजागरीतलं तेल

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठे करकर ऐकू आली की त्याचे हात शिवशिवायला लागतात. मशीनमास्तर तर ह्या बाबतीत पार हाताबाहेर गेलेले. मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे, बाजारातल्या शिंप्यांनी दिलेली पदवी. पण आता घरात बायकोही त्यांना त्याच नावाने हाक मारायची. इतरांच्या खिशाला पेन असतं, मास्तरांच्या खिशाला लांब चोचीची तेलाची कुपी. घरातली दारं, कपाटं, शेजारणीच्या बाळाची ढकलगाडी, एवढंच काय, डॉक्टरांच्या दवाखान्यातली फिरती खुर्ची, काही म्हणून त्या कुपीतून सुटलं नव्हतं. कुणी बोलावलेलं नसायचं. मास्तर आपणहून जायचे.

तीन आठवड्यांपूर्वी ती कुपी बायकोच्या फोनपर्यंत पोचली.

फोन घडीचा होता. पुस्तकासारखा उघडायचा, पुस्तकासारखा मिटायचा. मेव्हण्याने नवा घेतला आणि जुना बहिणीला दिला. ती वाचनालयात काम करणारी, मिटून ठेवता येणाऱ्या वस्तूंवर तिचा जीव. तिला तो फार आवडला. मास्तरांना मात्र तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ह्याला हात लावायचा नाही. काही महिन्यांनी फोन उघडताना बारीक कर्र असा आवाज यायला लागला. मास्तरांनी आठ दिवस दम धरला. नवव्या दिवशी ती अंघोळीला गेलेली बघून त्यांनी बिजागरीत दोन थेंब सोडले, दहा-बारा वेळा उघडझाप केली, कडा पुसल्या आणि फोन होता तिथे ठेवला. आवाज गेला. संध्याकाळी बायको म्हणाली, बघ, आपोआप थांबला आवाज. मास्तर मूग गिळून बसले. मनातून मात्र खूश होते, खोटं कशाला बोला.

आज दुपारी साडेबाराला तोच फोन टेबलावर मरून पडला होता, आणि मास्तर पुन्हापुन्हा त्याची वायर काढून लावत होते.

प्रश्न फोनचा असता तर कोण एवढं घाबरलं असतं? पण त्या फोनवर सहा वर्षांचं वाट बघणं येऊन थांबलं होतं. काल संध्याकाळी दत्तक देणाऱ्या संस्थेचा निरोप आला. मुलगी, वय तीन वर्षं दोन महिने. सोबत एक फोटो आणि तब्येतीचा अहवाल. फोटोत तिच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा हातात होता, आणि ती तो फोटो काढणाऱ्याला दाखवत होती. होकार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा, तोही नोंदवलेल्या फोनवरूनच. पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर नकार समजून फाइल पुढच्या जोडप्याकडे जाणार आणि हे दोघं पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणखी सहा वर्षं थांबायचं म्हटलं, तर मास्तरांचं वय संस्थेच्या नियमात बसत नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही, इतकं ते सरळ होतं.

काल रात्रीच हो म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण अहवालात डाव्या कानाने कमी ऐकू येतं अशी एक ओळ होती. त्याने दोघांचं मन बदलणार नव्हतं. तरी बायको म्हणाली, सकाळी डॉक्टरांना विचारू, नीट समजून घेऊ आणि मग हो म्हणू. मग दोघांनी फोटो इतक्या वेळा उघडून बघितला की बॅटरी संपत आली. फोन चार्जिंगला लावून दोघं झोपले. सकाळी तो बंद होता. चार्ज व्हायला वेळ लागत असेल म्हणून तसाच वायरीला ठेवून ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कानाचं यंत्र मिळतं, मूल छान बोलायला लागतं, असं सगळं सांगितलं आणि वर विचारलं की मग इथे काय बसलाय. दोघं जवळजवळ पळतच घरी आले. फोन अजून बंदच, काळ्या पडद्यावर एक चित्र मात्र लुकलुकत होतं: पाण्याचा थेंब.

बायकोने कपाळाला हात लावला. फोन कधी पाण्याजवळ नेलाच नाही, थेंब आला कुठून, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. थेंब कुठून आला ते मास्तरांना कळलं होतं. पातळ तेल आहे, उतार मिळेल तिकडे जाणार. बिजागरीतून ओघळून ते खाली चार्जिंगच्या भोकात जाऊन बसलं असणार, आणि फोनला बिचाऱ्याला पाणी काय नि तेल काय.

हे त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी वायर बदलली. मग प्लग बदलला. मग स्वयंपाकघरातल्या खटक्यावर लावून बघितलं. प्रत्येक वेळी तोच थेंब. बायको तोवर दुसऱ्या वाटा शोधत होती. सिमकार्ड काढून मास्तरांच्या बटणांच्या फोनमध्ये घालावं, तर मेव्हण्याने हौसेने बिनकार्डाचं, फोनच्या आतच बसणारं सिम करून दिलेलं. शेजारणीच्या फोनवरून संस्थेच्या खात्यात शिरायला बघितलं, तर खात्याने सांकेतिक आकडा मागितला, आणि तो आकडा येणार होता ह्याच मेलेल्या फोनवर. कचेरीला फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात सांगत होती की उत्तर फक्त अॅपवरूनच स्वीकारलं जाईल. कचेरी तर सहा तासांच्या अंतरावर.

मग बायकोने उपाय काढला की पंख्याखाली धरू, वाळेल.

तेल वाळत नाही, तेल पुसावं लागतं, हे मास्तरांनी आयुष्यात शंभर शिंप्यांना ऐकवलं होतं. पण ते म्हणाले, लाव. नुसतं म्हणाले नाहीत, उठून पंखा स्वतः पाचावर केला. बायको हातात फोन धरून पंख्याखाली उभी राहिली आणि मास्तर समोर बसून तिच्या हाताकडे बघत राहिले. ते वाईट होते असं नाही. सहा वर्षांत ती किती वेळा आशेने उठली आणि पडेल चेहऱ्याने परत बसली हे त्यांनी जवळून बघितलं होतं. ह्या वेळी ती बसली तर ती आपल्यामुळे बसली, हे तिच्या तोंडावर बोलायला जीभच उचलेना. चमत्काराने फोन सुरू झाला तर बोलायची वेळच येणार नाही, असाही एक चोरटा हिशेब होताच. पण पाऊण वाजता कबूल केलं असतं तर नुसतं तेल कबूल करावं लागलं असतं. दीड वाजता तेल आणि वर पाऊण तासाची चुप्पी. जितका उशीर तितकं ओझं वाढत होतं. दोन वाजता बायकोने फोन तांदळाच्या डब्यात पुरला, आणि मास्तरांनी त्या डब्याचं झाकण लावलं.

तीन वाजता डबा उघडला. फोनला तांदूळ चिकटले होते. थेंब तसाच होता.

पहिल्या दुकानदाराने घडीचा फोन बघून लांबूनच हात जोडले. दुसरं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, घडीचे फोन दुरुस्त करून देणाऱ्या एका बाईंचं. तिथे जेवणाची सुट्टी, दार साडेतीनला उघडणार. दोघं पायरीवर बसून राहिले. बायको एका मिनिटात तीनदा वेळ विचारायची आणि मास्तर तीनदा तीच वेळ सांगायचे. 

दुकानाच्या बाई तिशीतल्या, डोळ्यावर भिंगाचा चष्मा. बायकोने त्यांना सगळं एका दमात सांगितलं: मुलगी, पाच वाजता, फोन. बाईंनी फोन भिंगाखाली धरला आणि विचारलं, पाण्यात पडला होता का. बायको म्हणाली, शपथ घेऊन सांगते, पाण्याचा थेंबही लागलेला नाही. सांडलं काही, चहा, औषध? काहीच नाही. बाईंनी मान हलवली. मग त्यांच्या मते चार्जिंगचा भागच जळाला होता, म्हणून तो खोटा थेंब दाखवत होता. नवा भाग बसवावा लागेल. तो उद्या सकाळी येईल. तारेवाचून चार्ज करावं तर ती सोय ह्या मॉडेलात नाही.

 बायकोने काउंटरचा कोपरा धरला आणि मान खाली घातली. भिंतीवर चार वाजायला दहा मिनिटं होती.

"तेल आहे त्यात," मास्तर म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"शिवणयंत्राचं. पांढरं, पातळ. बिजागरी वाजत होती म्हणून मी घातलं. दोन थेंब. तीन आठवडे झाले." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "भाग जळालेला नाही ताई. नुसता बरबटलाय. पुसलात तर चालेल."

बाईंनी पुन्हा भिंग लावलं, लाकडी काडी आत घातली आणि फिरवून बाहेर काढली. काडीच्या टोकाला बायकोच्या पर्सच्या अस्तराचा भुगा, तेलाने भिजून करडा झालेला. "काका, हे आल्याआल्या बोलायचं ना," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

बायकोने काडीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "म्हणजे मी पंख्याखाली हात वर करून उभी होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तांदूळ?"

"तेव्हाही."

ती लांबच्या स्टुलावर जाऊन बसली. मास्तरांना वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान काही फेकून मारेल. तिने काहीच केलं नाही, आणि ते त्यांना कितीतरी जड गेलं. ते उभेच राहिले. काम चाललंय आणि आपण बघत उभे, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळेना.

बाईंनी स्पिरिटने भोक धुतलं, ब्रशने घासलं, पुन्हा धुतलं. अकरा काड्या वाया गेल्या. शेवटची कोरडी निघाली तेव्हा सव्वाचार झाले होते. मग त्या म्हणाल्या की स्पिरिट उडेपर्यंत वायर लावायची नाही, नाहीतर खरंच जळेल, दहा मिनिटं थांबा. ती दहा मिनिटं कशी गेली ते मास्तरांना पुढे कधी सांगता आलं नाही. वायर लावली. अर्धं मिनिट पडदा काळाच.  मग थेंबाच्या जागी बॅटरीचं चित्र आलं, तळाशी एक लाल रेघ.

फोन सुरू व्हायला आणखी बारा मिनिटं. उघडला तर आतल्या मोठ्या पडद्यावर घडीच्या बाजूने काळा डाग पसरलेला. तेल तिथेही शिरलं होतं. बोट लावलं तरी पडदा दाद देईना.  बाईंनी शांतपणे फोन मिटला आणि बाहेरच्या छोट्या पडद्यावर तेच सगळं उघडून दिलं. वायर तोकडी, म्हणून बायको काउंटरवर वाकून उभी राहिली. सांकेतिक आकडा आला. तिने तो दोनदा वाचून टाकला. एका पायात मोजा घातलेली मुलगी पडद्यावर आली, नखाएवढी. आईची संमती, असं खाली लिहिलं होतं. बायकोने हो दाबलं.

पुढे आलं, वडिलांची संमती.

तिने फोन मास्तरांकडे सरकवला. पाचला दहा कमी होते. मास्तर पुढे झाले नाहीत.

"तीन तास गप्प बसलो मी," ते म्हणाले. "तुला तसं उभं ठेवून. असल्या माणसाला कुणी मूल देतं का?"

 बायकोचे डोळे लाल झाले होते, पण आवाज साधा होता.

"तीही एक दिवस काहीतरी मोडणार आहे," ती म्हणाली. "आणि आपल्याला सांगणार नाही. कोपऱ्यात उभी राहील, आत्ता तू उभा आहेस तशी. तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय ते घरात एकाला तरी कळायला हवं. मला नाही कळायचं. मी ओरडेन. तुझ्यावरही ओरडणार आहे, पण पाचनंतर. दाब आता."

मास्तरांनी बोट शर्टाला पुसलं. पुन्हा पुसलं. मग दाबलं. गोल फिरकी फिरत राहिली, फिरत राहिली, आणि आपली संमती नोंदवली गेली आहे अशी बारीक अक्षरातली ओळ आली. पाचला सात कमी होते. दुकानाच्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बायको स्टुलावर जाऊन बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. मास्तरांनी दुसरं स्टूल ओढलं आणि तेही तिच्या शेजारी जाऊन बसले, बोलणी खायला.