सुरुपसिंगची बारी

या, असे पुढे सरकून बसा, भिंतीला टेकू नका. टाळ वाजायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट ऐका. देवादिकांची नाही, आपल्याच बाजूच्या पोरांची आहे. पण देवापुढे उभं राहाल तेव्हा आठवेल.

फळीवरचा फोन वाजला आणि नवनीतचे हात कणकेत होते तसेच थांबले.

खाली हुलासबाईंकडे ताटं उचलल्याचा आवाज येत होता. शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला अमरचंद शेठचं दुमजली घर, आणि वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिलेल्या. शेठाणी हुलासबाईंचा नेम असा की दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलीच पाहिजेत. खालची ताटं वाजली की वर पोरं ओळखायची, सुरुपसिंगची बारी लागली. आज ताटं वाजली, आणि पाठोपाठ सुरुपसिंगचा फोनही वाजला. सुरुपसिंग मात्र काठी गावाकडच्या घाटात जीप उलटली तिच्यात गेला होता. तो गेला तेव्हा झाडावर कैऱ्या होत्या. आता आंबे पिकून बाजारात आले होते.

"वाजू दे, महाराज," कुंदन पुस्तकातून मान वर न करता म्हणाला. "थकीसन बंद व्हई जाई."

महाराज हे नवनीतचं टोपणनाव. रोज संध्याकाळी कानात कीर्तन लावून बसतो म्हणून कुंदनने ते ठेवलं होतं. पण आज त्या नावात थट्टा नव्हती. दोघंही फळीकडे बघत नव्हते. फोनच्या काचेवर पागोटं घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो उजळला होता, आणि शेजारी राउटरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. घरात कोणी आल्यावर लुकलुकावा तसा.

फोन पूर्ण वाजला, मग थांबला.

बारीची कल्पना नवनीतचीच. वायफायची लाइन इतकी बारीक की तिघांनी एकदम धरली तर कोणाचंच काही चालायचं नाही. व्हिडिओतला मास्तर तोंड उघडं ठेवून तसाच गोठायचा. सुरुवातीला त्यावरून भांडणं झाली, कुंदनने एकदा राउटर उशाखाली घेऊन झोपून दाखवलं. नवनीतचा आजा दोधू हा तापीकाठच्या त्यांच्या गावात पाटकरी होता, पाटाचं पाणी कोणाच्या शेताला कधी वळवायचं हे सारा गाव त्याच्यावर सोपवायचा. नवनीतने तीच रीत इथे आणली. ज्याची बारी त्याचाच फोन चालू, बाकीचे बंद. मोबाइलवर एक बटण दाबलं की पाणी इकडून तिकडे वळायचं. दिवसाच्या बाऱ्या कुंदनच्या सोयीने लावल्या, दिवेलागणीच्या आधीची सुरुपसिंगला दिली, आणि तिच्या पाठोपाठची नवनीतने स्वतःला ठेवली, कारण कीर्तन तेव्हाच थेट सुरू व्हायचं.

सुरुपसिंगला तीच वेळ हवी होती. त्याच्या फोनला रिचार्ज नसायचा, तो चालायचा तो या घरातल्या वायफायवरच. त्याच्या पाड्यावर रेंज नव्हती. त्याचा बाप ऊन कलल्यावर टेकडीवर चढायचा, एका ठरलेल्या दगडावर उभा राहायचा आणि पोराच्या फोटोवर बोट ठेवायचा. पोरगं इकडे गॅलरीत उभं राहून बोलायचं. दोघांचं बोलणं त्यांच्या पावरी बोलीत चालायचं, नवनीतला त्यातलं हसणं तेवढं कळायचं. शेवटच्या दिवशी गावी जाताना सुरुपसिंग फोन फळीवरच ठेवून गेला. तिकडे तो कोरडाच, नेऊन काय करायचं. पुढे त्याचा चुलतभाऊ पेटी घेऊन गेला, तेव्हा फोन घाईत मागे राहिला. त्याचा चार्जर काढायला या दोघांचा हात धजत नव्हता.

नवनीतही त्याच्या बारीला लाइन त्याच्याच फोनकडे वळवत राहिला. आणि काही दिवसांनी फोन वाजायला लागला. रोज, ताटं वाजली की. कीर्तनात ध्रुपद फिरून फिरून यावं तसा.

"मी एक सांगू?" कुंदनने पुस्तक मिटलं. "तो गया. मन्ही परीक्षा डोकावर शे. त्यानी बारी कसाले मोकळी वाही जाई ऱ्हायनी? माले दे. फोनबी बंद व्हई, तुन्हंबी डोकं शांत व्हई."

कुंदन दुष्ट नव्हता. मागच्या वर्षी बँकेची परीक्षा त्याची थोडक्यात हुकली होती, आणि यंदा नाही झालं तर घरचे परत बोलावणार होते. सराव परीक्षेला त्याला सलग वेळ लागायचा. त्याचं म्हणणं रास्तच होतं, आणि नवनीतला नेमकी त्याचीच भीती वाटली.

तो म्हणाला की आजाच्या काळी असं होत नसे. बारी माणसाची नसते, घराची असते. मालक गेला तरी त्याच्या शेताला पाणी जात राही, घरचं कोणी पाटावर येऊन 'सोडली' म्हणेपर्यंत.

"मंग इचार ना घरच्यासले," कुंदन म्हणाला. "रोजच त दार ठोकी ऱ्हायनात."

दुसऱ्या दिवशी ताटं वाजली तेव्हा नवनीत हात धुऊन फळीपाशीच उभा होता. फोन वाजला. त्याने तो उचलला तसा कुंदन उठून दाराशी गेला.

पलीकडे नुसता वारा होता.

"काका, मी नवनीत. सुरुपसिंगच्या खोलीवरचा."

मग बाजारच्या मराठीत, एकेक शब्द चाचपत, म्हातारा बोलला.

"तू उचलायचा नव्हता."

त्या आवाजात राग नव्हता. झोपलेल्याला चुकून हाक मारली तर माणूस ओशाळतो, तसा तो ओशाळला होता. कोणी उचलावा म्हणून मी लावत नाही, तो म्हणाला. पुरा वाजतो का, तेवढं बघतो. मग त्याने सावकाश सांगितलं. या दगडावर डाव्या पायाची टाच टेकलेली असली तरच आवाज धरतो. टाच उचलली की गेला. शेवटचं बोलणं झालं त्या दिवशी तो पोराला म्हणत होता, "तुझ्या आयने..." आणि तेवढ्यात शेळी बुजून खाली पळाली, तिला बघायला तो वळला. पुढचं पोराला ऐकूच गेलं नाही. आईचंच काही झालं असं समजून पोरगं पहाटेच्या जीपने निघालं.

"काय सांगायचं होतं, काका?"

"आयने आमचूर वाळवलंय. तुझं बाजूला ठेवलं." म्हातारा म्हणाला. "एवढंच होतं. मी पाय हलवला. आता नाही हलवत. पुरा वाजला, की वाटतं, आज तुटला नाही."

ती संध्याकाळ नवनीतच्या डोळ्यांपुढून हलतच नव्हती. कीर्तन सुरू व्हायला आलं होतं. सुरुपसिंगची बारी सरली होती, तरी तो गॅलरीत बोलतच होता. त्याने बोटं जुळवून, जरा थांब, अशी खूण केली होती. आणि नवनीतने, पाटकऱ्याच्या नातवाने, नियम म्हणजे नियम, म्हणून बटण दाबलं होतं. गॅलरीतून, "बा? बा?" अशा हाका आल्या होत्या. मग त्याने कानात कीर्तन घातलं. हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

"काका, तुमच्या पायाने नाही तुटला," तो म्हणाला. "मी तोडला. इथून. त्याची बारी संपली होती."

दारातल्या कुंदनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मग कोणाची लागली होती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझी."

"काम होतं?"

"कीर्तन ऐकायचं होतं."

"देवाचं होतं," म्हातारा म्हणाला. तो विचारत होता, की नुसतं म्हणत होता, ते नवनीतला कळलं नाही. मग एक लांब श्वास ऐकू आला, पाठीवरचा भारा उतरवल्यावर येतो तसा.

"पाय आखडलाय रे. उतरतो आता. आय वाट बघ..."

आणि आवाज गेला. शब्दाच्या मधोमध, कापल्यासारखा.

नवनीत काचेकडे बघत राहिला. म्हाताऱ्याने टाच उचलली होती. म्हणजे टाच उचलली की खरंच तुटत होता.

त्या दिवशी, "बा? बा?" आलं ते बटण दाबल्यावर, की त्याच्या आधी? त्याने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. कधी हाक आधी यायची, कधी बोट. फोन हातात होता, म्हातारा अजून टेकडीवरच असेल, फोटोवर बोट ठेवलं तर कदाचित लागेलही. त्याने तो फळीवर ठेवला आणि चार्जर नीट खोचला.

"बारीनं इचारं का?" कुंदनने हळू आवाजात विचारलं.

"इचारं."

"मंग?"

नवनीतने आपला मोबाइल काढला, काही बटणं दाबली. "आजथीन मन्ही बारी तुन्ही. त्यानी ऱ्हाऊ दे."

"आनी तुन्हं कीर्तन?"

नवनीत कणकेची परात पुढ्यात ओढून बसला.

दुसऱ्या दिवशी खाली ताटं वाजली, पण फोन वाजला नाही. हिरवा दिवा संथ लुकलुकत राहिला. कुंदन पुस्तक घेऊन आपल्या बारीची वाट बघत बसला होता, आणि बराच वेळ झाला तरी नवनीत दिसेना म्हणून तो गॅलरीत डोकावला. नवनीत तिथे, सुरुपसिंग उभा राहायचा त्याच फरशीवर उभा होता. उत्तरेला सातपुडा निळा पडत चालला होता. कुंदनने हाक मारली. नवनीतने नुसती मान वळवली. त्याची डावी टाच जमिनीवर घट्ट टेकलेली होती.

चला, टाळ घ्या आता. पहिल्या गजराआधी एक श्वास मात्र मोकळा ठेवा, आणि तेवढ्यात मनातल्या मनात सुरुपसिंगचं नाव घ्या. त्याची बारी त्याच्या घरच्यांनी अजून सोडलेली नाही.