पहिला शब्द

चंचलला शाजियाच्या मार्कांचा जेवढा राग यायचा, त्याहून जास्त तिच्या झोपेचा यायचा. शेजारच्या जलालुद्दीनभाईंची ही पोर दहावीत असूनही नऊला गाढ झोपायची. चंचल पहाटे चारला पुस्तक उघडायची. तरी चाचणीत शाजियाच पुढे. करा आता!

चंचलचे वडील गुणवंतराव वडशाच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट आज या गावात, उद्या त्या. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेतून गुणवंतरावांनी पहिला शब्द पुरवला की नट पानभर संवाद धडाधड बोलून मोकळा. लेकीचा अभ्यासही ते असाच घेत. ते पहिला शब्द सांगत आणि ती उत्तर संपवूनच श्वास घेई. बापाची छाती फुगायची. परीक्षेच्या हॉलला विंग नसते, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पेपर हातात पडला की तिचं डोकं कोरं व्हायचं.

सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रयोग नव्हता, म्हणून गुणवंतराव घरी होते. तेवढ्यात शाजिया पुस्तक घेऊन आली.

"काका, मलेबी प्रश्न विचारा न. पण पुढचं सांगू नका."

चंचलच्या अंगाचा तिळपापड झाला. आता हिला बापही माझाच हवा!

"केप्लरचा तिसरा नियम," गुणवंतराव म्हणाले.

शाजियानं डोळे मिटले. सवयीनं त्यांचे ओठ हलले, तशी ती म्हणाली, "थांबा काका. आठवून पाहू द्या."

अडकली! चंचलला अगदी निर्लज्ज आनंद झाला. देवा, उद्याही हिला अशीच अडकव. आणि शाजियाला खिजवायच्या घाईत चंचलच्याच तोंडून निघून गेलं, "आवर्तकाळाचा वर्ग सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती असतो!"

गुणवंतरावांनी वर पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई." तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"काऊन बोललीस तू?" शाजिया चिडली. "मले येतच होतं!"

"बाबा, आता मले विचारा," चंचल म्हणाली. "न तुमी चूप राहा."

"मेंडेलीव्हचा आवर्ती नियम," म्हणून गुणवंतरावांनी ओठ घट्ट मिटले. जन्मभर दुसऱ्याला शब्द पुरवलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

चंचलचं डोकं पुन्हा कोरं झालं. आशेनं तिनं बापाकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. मग तिची नजर शाजियाकडे गेली. शाजिया श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि चंचल अडकावी म्हणून देवाला साकडं घालत होती. चंचलला ते चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आलं. ती भाषा तिची रोजचीच होती.

म्हणजे आपल्यावरही कुणी जळतं! वर्षभरात तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पहिला शब्द आपसूक आठवला, आणि तिनं तोंड उघडलं.