मातीचा कोंडलेला श्वास

चैत्राचं ऊन कृष्णाकाठी उतरलं होतं. कांचनवर्णी, कठोर, कुणाची भीडभाड न ठेवणारं. हरितश्यामल उसाचे मळे सळसळत होते, आणि त्या सळसळीखाली, काळ्याभोर मातीवर, पाणी तुंबलं होतं. बांधापासून बांधापर्यंत पाणी. शिरोळकडच्या या गावात उसाला पाणी पाजत नाहीत, आंघोळ घालतात. आधी युरियाची शुभ्र मूठ विस्कटायची, मग पाट मोकळा सोडायचा, आणि पानं गर्द झाली की मिशीवरून हात फिरवायचा. पिढ्यांचा थाट होता तो.

पद्मावती मगदूमला हा थाट मान्य नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात कृषी महाविद्यालयाची एक मुलगी आली होती. तिनं मळ्यामळ्यांत पत्र्याचे डबे उपडे रोवले, मातीचा उच्छ्वास त्यांत कोंडला आणि तपासून आणला. तहानेपुरती ओली माती शांत श्वास घेते, ती म्हणाली. पण पाणी तुंबलं, हवा कोंडली, ऊन तापलं आणि पोटात युरियाचा अतिरेक झाला, की मातीतले सूक्ष्म जीव पिकाच्या तोंडचा घास पळवतात आणि एक वायू सुटतो. निर्वर्ण, निःशब्द, नायट्रस ऑक्साईड. वर जातो, वर्षानुवर्षं राहतो, आभाळ तापवत राहतो. सर्वांत जास्त वायू मगदुमांच्याच मळ्यातून सुटत होता. गाव हसलं. पद्मावतीला हसू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि मग राग आला.

घरात कडाकडा भांडून तिनं मळ्याच्या तळाची पट्टी स्वतःकडे घेतली. खत थोडं, तेही मुळाशी गाडून, पाणी बेताचं. तिच्या दिरानं, बाबगोंडानं, अट घातली: ऊस पिवळा पडला की पट्टी माघारी. नवरा खाली मान घालून जेवत राहिला.

आज तिची पाण्याची पाळी होती. भाकरी खाऊन ती परतली, तर पट्टीभर शुभ्र दाणे. सरीसरीत दाणे, निर्दय, लखलखीत. पाटाचं दारं, सरीत पाणी सोडायचं तोंड, सताड उघडं, आणि फेस मिरवणारं पाणी पहिल्या सरीत शिरलेलं. बांधावर बाबगोंडा उभा होता.

"वैनी, ऊस लई फिकट दिसाय लागलाय. मीच खत विस्कटलो. गावात आमची शोभा हुतीया."

"मला इचारलासा?"

"त्यात काय इचारायचं?"

पद्मावतीचं डोकं सणकलं. तिनं पदर खोचला, फावडं घेतलं, दाऱ्यात चिखल टाकला. पाण्यानं तो वाहून नेला. पुन्हा टाकला, पुन्हा नेला. तेव्हा ती सरळ दाऱ्यातच बसली. पाठीवर पाणी आदळलं. थंड, उन्मत्त, कमरेवर चढणारं. तिनं दोन्ही हातांनी चिखल ओढला, थापला, ओढला, थापला, आणि अखेर पाणी हटलं. ते वळलं आणि बाबगोंडाच्या उसात शिरलं.

पहिली सरी गेली होती. तिथले दाणे विरघळले होते. त्यांना आता कुणीच अडवू शकत नव्हतं. पद्मावतीला रडू फुटलं. तसंच डोळे पुसत ती कोरड्या सरीत वाकली आणि दाणा दाणा वेचू लागली. ऊन पाठ भाजत होतं, उसाची पानं दंड कापत होती, घामानं दाणे तळव्याला चिकटत होते. ती वेचत राहिली.

"वैनी, येड लागलंय काय? माणसं बघालीत!"

"बघू देत."

पदर जड झाला, तेव्हा ती बांधावर आली. बाबगोंडाच्या पायांशी तिनं तो शुभ्र ढीग ओतला.

"हे तुमचं. पट्टी तोडणीपतोर माझी हाय. पिवळा पडला तर खुशाल घ्या. न्हाई पडला, तर या बांधावर पाय ठेवायचा न्हाई."



मग तिनं दारं चार बोटं उघडलं. सडपातळ, संथ, सूर्यस्नात पाणी सरीतून निघालं. मुळाशी थबकलं, मुरलं, पुढे सरकलं. कुठे साचलं नाही, कुठे तुंबलं नाही. चिखलानं माखलेली, रापलेली, ताठ मानेची पद्मावती त्याच्या पुढे पुढे चालत होती. माती पीत होती, आणि पद्मावती तिला पुरेसंच देत होती.